तारेने खाल्लेला खर्ज

चंदरने हाताने खूण करून विचारलं, काढू का, आणि चांगुणाने मान हलवली. मान तिने चंदरला हलवली नव्हती, कानातल्या आवाजाला हलवली होती. पलीकडून माणूस बोलत असला की इकडे आपण मान डोलवायची, ही ऑपरेटर लोकांची जुनी खोड. पलीकडच्याला ती दिसत नाही हे ठाऊक असूनही जात नाही. पण चंदर हा नवा बोर्ड बसवायला आलेला मेकॅनिक, शनिवारची दुपार उलटून गेलेली, त्याला परतीची गाडी गाठायची होती. त्याने पक्कड लावली आणि वायर ओढून घेतली. "नाशिक, ऐका, एक..." इथवर पलीकडचं वाक्य आलं होतं. पुढे काही नाही. लाईन पडली तरी थोडी खरखर मागे राहते, लांब कुठेतरी कुणी सुपात धान्य पाखडत असावं तशी. तीही नव्हती. हेडसेट कानावर तसाच होता आणि त्यातून तिला तिच्या स्वतःच्या कानातला आवाज ऐकू येत होता.

"चालू होतं काय, मॅडम?" चंदरने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "झालंच होतं."

नाशिकजवळ अंबडच्या कारखान्यात, तो सुरू झाल्यापासून, ती टेलिफोनच्या बोर्डावर होती. मुंबईला फोर्टात हेड ऑफिस, तिथे तसाच एक बोर्ड, आणि दोन्हींच्या मध्ये कंपनीची स्वतःची थेट लाईन. इकडच्या साहेबाला तिकडचा साहेब हवा असला की चांगुणा खुंटी खोचायची आणि पलीकडून इसाक म्हणायचा, "बोला, नाशिक." ती म्हणायची, "मुंबई, परचेस द्या." इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. आता बटणांचं पांढरं यंत्र आलं होतं. सोमवारपासून साहेब लोक आपले आपण नंबर फिरवणार होते, चांगुणाला डिस्पॅचमध्ये टायपिंगला बसायचं होतं, आणि इसाकला हेड ऑफिसने हिशेब करून मोकळं केलं होतं. हे त्याने वायर तुटायच्या आधी, जेवायला काय होतं हे सांगावं तशा सुरात सांगितलं होतं. "उद्या मालेगाव. कायमचंच म्हणा. गाडी दुपारची आहे, नाशिकला थांबते, पण तुमचं रविवारी लिखाण असतं, मला माहीत आहे." मग थोडा थांबला होता. मग म्हणाला होता, "नाशिक, ऐका, एक..."

रविवारी सकाळी ती प्लेअरसमोर बसली तेव्हा तो 'एक' तिच्या डोक्यात अजून लोंबकळत होता. एक काय? एक सांगायचं होतं, एक विचारायचं होतं, एक मागायचं होतं. रात्रभर तिने त्या शब्दापुढे निरनिराळी वाक्यं लावून पाहिली होती आणि प्रत्येक वाक्याची तिला लाज वाटली होती. समोर तबकडी होती. मेनरोडवर सावळीरामशेटचं रेकॉर्ड-कॅसेटचं दुकान होतं आणि तेच शेट 'गंगाकाठ' नावाचं एक साप्ताहिक काढायचे. चार वर्षांपूर्वी त्यात कुणीतरी लिहिलं होतं की हल्लीचं इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे भांड्यांच्या दुकानात मांजर शिरल्यासारखं आहे. चांगुणाने चिडून दुकानात जाऊन सांगितलं की लिहिणाऱ्याने ते ऐकलेलंच नाही. शेट म्हणाले, मग तुम्हीच लिहा की बाई. तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी नवी तबकडी किंवा कॅसेट घरी न्यायची, ओरखडा न पाडता सोमवारी परत करायची, आणि सोबत दीड पान मजकूर द्यायचा. नाव छापून यायचं चां. ज. पगारे. वाचकांची पत्रं 'श्रीयुत पगारे यांस' अशी यायची. आजीने ठेवलेलं नाव तिला कॉलेजात जुनाट वाटायचं. आता त्या एका अक्षराआड बसायला तिला बरं वाटत होतं.

आजची तबकडी कुण्या जर्मन माणसाची होती. करड्या वेष्टनावर एक रिकामी शिडी. तिने हेडफोन चढवला, सुई ठेवली. सुरुवातीला खूप खालून एक घुमारा आला, रस्त्यात ट्रक उभा असावा आणि त्याचं इंजिन चालू ठेवलेलं असावं तसा, कानापेक्षा बरगड्यांना जास्त कळणारा. त्यावर हळूहळू एक बारीक सूर उभा राहिला. तिने वहीत लिहिलं, 'या तबकडीचा पहिला सूर ऐकताना', आणि तिच्या खांद्याला कुणीतरी हात लावला. सासूबाई होत्या, भिमाबाई. त्यांचे ओठ हलत होते. चांगुणाने एक कान मोकळा केला.

"नळ आलाय म्हणते मी. हंडा लावलाय, तू बघ. मी विहारात चालले वंदनेला."

"बघते, आई."

हंडा भरला, बादली लावली, कळशी लावली. पाण्याचा आवाज हंड्यात वर चढत जातो, खर्जापासून सुरू होऊन तारसप्तकापर्यंत, आणि काठाशी आल्यावर एकदम गप्प होतो. परत येऊन सुई पहिल्यापासून ठेवली. घुमारा आला, बारीक सूर आला. आता गच्चीवरून जयरामचा आवाज. तिचा नवरा रविवारी सुट्टी असली की टीव्हीच्या अँटेनाच्या मागे लागायचा. "आता आलं का?" तो वरून विचारायचा. तिने उठून टीव्हीकडे पाहायचं. पडद्यावर मुंग्या. "नाही." "आता?" "थोडं आलं." "आवाज की चित्र?" "आवाज." "आवाजाला काय करायचंय, चित्र पाहिजे." ती पुन्हा बसायची, पुन्हा उठायची. शेजारच्या कुसाबाई विरजण मागायला आल्या आणि दारातच उभ्या राहून त्यांच्या जावेचं सांगू लागल्या. कुसाबाईंच्या खांद्यावरून चांगुणाला तबकडी फिरताना दिसत होती, हेडफोन सतरंजीवर पडला होता आणि त्यातून डासासारखा बारीक आवाज येत होता. एवढ्या लांबून, एवढा बारीक ऐकताना मात्र तिला ते संगीत एकदम ओळखीचं वाटलं. हे तर फोनवरचं वाटतंय, तिने मनात म्हटलं. कुसाबाई म्हणत होत्या, "सांगा बरं, मी चुकले का?" आणि चांगुणा म्हणाली, "नाही, तुमचं बरोबर आहे."

शनिवारी हेड ऑफिस दुपारी सुटायचं आणि कारखान्याचे साहेब लोकही जेवायला घरी जायचे. तेव्हा लाईन मोकळी असायची. एका शनिवारी, सुरुवातीच्या दोनतीन वर्षांतली गोष्ट, इसाक म्हणाला होता, "नाशिक, वेळ आहे? एक गंमत." त्याचा मावसभाऊ बोटीवर नोकरीला होता, तो परदेशातून कॅसेटी आणायचा. इसाकने बोर्डाशेजारी आपला टेपरेकॉर्डर ठेवला आणि बोलायची नळी त्याच्या जाळीला लावली. तारेतून एक आवाज आला. तो सनईचा नव्हता, व्हायोलिनचा नव्हता, माणसाचा नव्हता. पावसाळ्यात खांबावरच्या तारांना कान लावला तर येतो त्याच्या जवळपासचा, पण चालीत बसवलेला. ती हातातली पेन्सिल तशीच धरून बसली. संपल्यावर तिने विचारलं, "हे वाजवतं कोण?"

"एक माणूस आहे, पण तो बटणं दाबतो. बाकी तारा, दिवे, असलंच. आपल्या बोर्डासारखं."

"दिसतं कसं ते यंत्र?"

"मला काय विचारता, नाशिक," असं म्हणून तो हसला होता. त्या हसण्याचा अर्थ तिला तेव्हा लागला नाही. मग म्हणाला, "बासरी म्हटलं की तुम्हाला बासरी दिसते ना? पेटी म्हटलं की पेटी दिसते. हा आवाज कुणालाच दिसत नाही. म्हणून मला हा आवडतो. इथे सगळे एका बाकावर."

तेव्हापासून शनिवारची दुपार ठरून गेली. तो मूळचा मालेगावचा, विणकराच्या घरातला. लहानपणी हातमागाच्या खटक्याच्या आवाजावर झोपायचा, खटका थांबला की जाग यायची. मधूनच गावाकडच्या बोलीत म्हणायचा, "नवीन काय शे, नाशिक?" आणि ती सांगायची. सासूबाईंचे गुडघे, जयरामची तिसरी पाळी, लग्नाला एवढी वर्षं होऊनही घरात मूल नाही आणि आता त्याबद्दल कुणी विचारायचंही थांबलंय, असं जे ती समोरासमोर कुणाला सांगू शकली नव्हती ते तारेला सांगून मोकळी झाली होती. तो सल्ला द्यायचा नाही. "हं" म्हणायचा. त्या 'हं'मध्ये खोलीतल्या पंख्याचा आवाज मिसळलेला असायचा. मग तो कॅसेट लावायचा.

सावळीरामशेटच्या दुकानात तिने पहिल्यांदा खऱ्या हेडफोनवर असलं संगीत ऐकलं, तेव्हा ती घाबरून गेली होती. सुरांच्या खाली आणखी केवढं काही होतं. खाली घुमणारं, वर किणकिणणारं. ओळखीच्या रिकाम्या खोलीत कुणीतरी रातोरात कपाटं, पलंग, टेबलं आणून भरावीत, तसं. तारेतून फक्त मधला आवाज जातो, हे तिला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. जाड आवाज आणि अगदी बारीक आवाज तार गाळून टाकते. शिकवलेलं असूनही तिला वाटलं होतं, हे वरचं-खालचं लोकांनी नंतर घातलंय. पुढे लिहायला लागल्यावरही ती आधी मनातल्या मनात सगळी तबकडी तारेतून नेऊन पाहायची. पलीकडे पोचल्यावर काय उरेल? जे उरेल त्यावर लिहायची. वाचक लिहायचे की श्रीयुत पगारे गजरातून नेमकी चाल वेचून दाखवतात. ती कशी वेचता येते ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिने कधी इसाकला अंक वाचून दाखवला नाही. त्यात सगळीकडे तोच होता.

आणि मग तो बसस्टँड. सहा-सात वर्षं झाली असतील. ईदला गावी जाताना तो म्हणाला होता, "सीबीएसला गाडी चहाला थांबते. या ना, नाशिक. चहा पिऊ." साधंच म्हणाला होता. ती त्या दिवशी अर्धी रजा टाकून घरी आली आणि पेटी उघडून बसली. आंब्याच्या कोयरीची साडी काढली, ती फार भडक वाटली. पांढरी काढली, ती फार उदास. शेवटी मोरपंखी नेसली. आरशात पाहताना तिला स्वतःचा राग आला, तरी तिने पदर दोनदा सारखा केला. स्टँडवर मुंबईची गाडी लागली, माणसं उतरली, आणि कुठला तो, हे पाहत ती खांबापाशी उभी राहिली. शेवटी एक माणूस उतरला. चाळिशीचा, दाढी थोडी पिकलेली, काळा चष्मा, हातात पांढरी काठी. काठीने फरशी चाचपत तो चहाच्या गाड्याच्या दिशेने गेला आणि म्हणाला, "एक चहा द्या भाऊ, साखर कमी." आवाज तो होता. थोडा जाडसर, पण तोच.

ती त्याच्यापासून चार हातांवर होती. त्याचा चेहरा तिच्याकडे वळलेला होता आणि त्याच्या लेखी तिथे कुणी नव्हतं. मोरपंखी साडी एकदम अंगावर जड झाली. तिला फसल्यासारखं वाटलं, मग त्याच्याविषयी कळवळा आला, मग त्या कळवळ्याची शरम वाटली. तोंड उघडलं असतं तर झालं असतं. नुसतं 'मुंबई' म्हटलं असतं तरी. पण ती त्याच्याकडे बघत राहिली, तो न बघणाऱ्या चेहऱ्याने चहा फुंकत राहिला, आणि असं कुणाकडे इतका वेळ, इतकं निवांत तिने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात होतं. ओठाला चहा लागला की भुवया वर जायच्या. तिने ते सगळं पाहून घेतलं. मग कंडक्टरने हाक दिली, तो चढला, गाडी गेली. सुट्टीनंतर लाईनवर तो म्हणाला, "नाशिक, तुम्ही आला नाहीत." ती म्हणाली, "ड्यूटी होती." तो म्हणाला, "हं. चहा चांगला होता." पुढे त्या गोष्टीचं नाव निघालं नाही. त्याने आपण होऊन डोळ्यांचं कधी सांगितलं नाही आणि तिने कधी विचारलं नाही. फक्त तिने त्याला काही दिसण्याबद्दल विचारणं बंद केलं. ते त्याच्या लक्षात आलं असेलच, असं तिला अधूनमधून वाटायचं.

तबकडी संपून सुई शेवटच्या रेघेत खटखट करत होती. वहीत तेच अर्धं वाक्य होतं. गच्चीवरून जयराम खाली आला, हातांना गंज लागलेला.

"लिहून झालं?"

"नाही."

"आज तुझं लक्ष नाही." तो मोरीत हात धुवायला गेला. पाण्याच्या आवाजावरून म्हणाला, "बोर्ड काढला म्हणून?"

"हेड ऑफिसातले ते इसाक आहेत ना," ती म्हणाली, "ते आज गावी चाललेत. कायमचे. त्यांची गाडी सीबीएसला थांबते."

जयराम पंच्याला हात पुसत बाहेर आला. त्याला ते नाव माहीत होतं. घरात ती 'मुंबईचं म्हणणं असं' म्हणायची तेव्हा तो 'तुझी मुंबई' म्हणून चिडवायचा. त्याने काहीतरी विचारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तिला खोटं बोलता आलं असतं किंवा खरं.

"मग जा की," तो म्हणाला. "पुन्हा नळ आला तर मी भरतो."

घराजवळच्या वडाळा नाक्यावर शहर बस लवकर मिळाली. नेसत्या साडीतच ती निघाली होती, सुती, पदराला हळदीचा डाग. खिडकीशी बसून ती मनातल्या मनात बोलून पाहत होती. काय म्हणायचं पहिल्यांदा? सगळी वाक्यं लाईनवरची होती. 'मुंबई, जोडते' आणि 'मुंबई, थांबा' आणि 'मुंबई, पलीकडे कुणी उचलत नाही'. माणसाशी समोर उभं राहून बोलायचं एकही वाक्य तिच्याकडे तयार नव्हतं. शालिमारला बस रेंगाळली तेव्हा तिला वाटलं, गाडी निघून जावी. आणि असं वाटल्याबरोबर ती उठून दारापाशी जाऊन उभी राहिली.

मालेगावची गाडी लागलेली होती. तो उतरून चहाच्या गाड्याजवळच्या बाकावर बसला होता. दाढी आता सगळी पांढरी. पायाशी ट्रंक, मांडीवर टेपरेकॉर्डर, त्यावर दोन्ही हात ठेवलेले, झोपलेल्या लेकरावर ठेवावेत तसे. चांगुणा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चहा घेणार का?" ती म्हणाली.

"घेतला, ताई," तो अदबीने म्हणाला. "आपण कोण?"

हे तिने धरलंच नव्हतं. वाटेत तिने किती काही धरलं होतं, पण तो तिचा आवाज ओळखणार नाही असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आजूबाजूला गाड्या मागे-पुढे होत होत्या, कुणीतरी त्र्यंबक, त्र्यंबक म्हणून ओरडत होतं.

"मी नाशिक," ती म्हणाली.

त्याची मान किंचित कलली.

"पुन्हा बोला."

"काय बोलू?"

"काहीही. बोला."

"पावणेदोनशे नंबर बिझी आहे, मुंबई. थांबता का?"

त्याने चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा घातला. "या अल्ला," तो हळूच म्हणाला. "तुमच्या आवाजाला एवढा खर्ज आहे होय? आणि तारेनं सगळा खाऊन टाकला. मी इतकी वर्षं एका पोरीशी बोलत होतो. तुम्ही तर बाई आहात."

ती हसली. हसताना तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, खरंच जाड होता. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली. मग दोघं गप्प झाले. लाईनवरच्या गप्पपणात पंखा असायचा, खरखर असायची, पलीकडे कुणी आहे हे कळायचं. इथे सगळ्या स्टँडाचा गलका होता आणि त्यात त्याचा श्वास शोधून काढावा लागत होता.

"मागे एकदा तुम्ही बोलावलं होतं," ती म्हणाली. "मी आले होते. त्या खांबापाशी उभी होते."

"मग?"

"बोलले नाही."

त्याने टेपरेकॉर्डरच्या बटणांवरून अंगठा फिरवला.

"बोलला नाहीत म्हणजे आलाच नव्हतात," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. दोन अधिक दोन सांगावं तसं त्याने सांगितलं. "आज आलात."

तिला वाटलं, काहीतरी म्हणायला हवं; साडीचं सांगावं, मोरपंखी रंगाचं. पण मोरपंखी म्हणजे काय, हे त्याला कुठल्या शब्दांत सांगायचं? तिने विचारलं, "काल तुम्ही काय सांगत होतात? 'ऐका, एक' म्हणालात आणि लाईन गेली."

"काल?" तो आठवू लागला. रात्रभर तिने ज्याच्यापुढे शंभर वाक्यं लावली होती ते त्याला आठवावं लागत होतं. "हां. ऐका, एक मिनिट, म्हणत होतो. खिडकीखालून लग्नाचा बँड चालला होता. क्लॅरिनेटवाला इतका बेसूर होता की काय सांगू. म्हटलं, तुम्हाला ऐकवावं."

"एवढंच?"

"एवढंच," तो म्हणाला. मग म्हणाला, "नळी खिडकीबाहेर धरून उभा होतो मी. बँड लांब जाईपर्यंत. मला कुठे ठाऊक लाईन गेलीय ते."

चांगुणाने पदर तोंडाला लावला. फोर्टातली ती न पाहिलेली खोली तिला दिसली. खिडकी, पंखा, आणि खिडकीबाहेर मेलेली नळी धरून उभा असलेला हा माणूस, तिला ऐकू जातंय असं समजून.

कंडक्टरने हाक दिली. तिने ट्रंक उचलली, त्याने टेपरेकॉर्डर काखेत घेतला. काठीने पायरी शोधून तो चढला. ट्रंक आत सरकवून ती खाली उतरली. माणसं त्याला ओलांडून आत जात होती, तो मात्र दारातच थांबला होता.

"नवीन काय शे?" त्याने विचारलं, गाडीच्या आवाजावरून, मोठ्याने.

"एक जर्मन आहे," ती म्हणाली. "ऐकून झालं नाही अजून. सकाळपासून मध्येमध्ये येतंय सगळं."

"मध्येमध्ये येणारच. त्याच्यासकट लिहा."

इंजिन सुरू झालं. घंटी वाजली. इसाकने वळून हात पुढे केला, निरोपाचा की हातात हात घेण्याचा, कळत नव्हतं. ती उभी होती तिथून बराच डावीकडे तो हात आला होता. तिथे एक बाई पेरूची पाटी उतरवत होती. चांगुणाने हाक मारली असती तर त्याने हात वळवला असता. तिने ती मारली नाही. पेरूवालीला वळसा घालून ती सरकली, जिथे हात होता तिथे जाऊन उभी राहिली, आणि गाडी हलेपर्यंत तिने तो धरून ठेवला.